कच्च्या रेघा

४ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

फोन केला की तुम्ही "हं" म्हणता, मग मीच बोलत राहते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात नुसतं "हं" लिहून पाठवलंत तर मी ते परत पाठवीन.

ठकीला जाऊन परवा दोन महिने झाले. धीर द्यायला लिहीत नाही. मला तो देता येत नाही आणि तुम्हाला घेता येत नाही. माझी ताई गेली तेव्हाही आपण दोघं तुमच्या स्वयंपाकघरात असेच बसून राहिलो होतो. शेवटी नऊ वर्षांची ठकीच आत येऊन म्हणाली होती, "अंधार झालाय, दिवा कोण लावणार?" आता तेही विचारायला कोणी नाही.

काम असं. गेल्या वर्षी मी आले होते तेव्हा ठकीने मला टॅब्लेटवर तिची चित्रं दाखवली होती. दिवसभर स्टुडिओत लोकांचे ओळखपत्रांचे फोटो नीट करायचे आणि घरी येऊन आपल्याच घराचे फोटो काढून त्यांच्यावर पेनने रेघा ओढायच्या, असं तिचं चाललेलं असायचं. रिकामी खिडकी, रिकामं स्वयंपाकघर, आणि त्यात ताई. मी ती बघितली आणि रडले. तुम्ही कधी बघितलीत का? तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा मान हलवतात आणि पाण्याची मोटर बंद करायला जातात."

मी जिथे काम करते त्या वाचनालयाच्या दालनात जूनमध्ये एक भिंत मोकळी आहे. तिथे ती चित्रं लावावीत असं माझ्या मनात आहे. तिने ती कोणालाच पाठवली नव्हती, मलासुद्धा नाही. जी आहेत ती त्या टॅब्लेटमध्येच आहेत. कागदावर छापून पाठवाल का?

जेवता का वेळेवर? की तेही "हं"?

तुमची,
धाकटी


१९ फेब्रुवारी

प्रिय धाकटी,

पत्र मिळालं. जेवतो.

टॅब्लेट तिच्या टेबलावर होता तिथेच आहे. चार्ज केला. उघडायला चार आकडे लागतात. तिचं जन्मसाल घालून पाहिलं, तिच्या आईचं घातलं, नाही उघडला. माझं घातल्यावर उघडला.

चित्रं एकतीस आहेत. सगळी पाहिली. यापूर्वी मी ती नीट पाहिली नव्हती, तिने सांगितलं ते खरं आहे.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली होती की चित्रं मावशीला द्या. तेव्हा तुझ्या पत्राची वाट न पाहता मीच पाठवायला हवी होती. पण ती पूर्ण झालेली नाहीत. एकाही चित्रावर शेवटचा हात फिरलेला नाही. तिला वेळ मिळाला नाही.

जूनपर्यंत वेळ आहे ना? मला थोडा लागेल.

भावोजी


२६ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

जूनपर्यंत पुष्कळ वेळ आहे. तुम्हाला ती चित्रं हातातून सोडवत नाहीत, हे मला समजतं. मलाही तिचा एक जुना मोजा सापडला आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे राहिलेला. एकच. तो मी धुतलेला नाही. हे मी तुम्हाला सोडून कोणाला सांगणार आहे?

पूर्ण-अपूर्णाचा विचार तुम्ही करू नका. तुमची सगळी कारकीर्द पाणीपुरवठ्याचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे तुम्हाला प्रत्येक गोष्ट कोपऱ्यापर्यंत आखलेली लागते. तुमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही भिंतीशी काटकोन करून उभे आहात. ताई तो फोटो काढून हसायची.

सावकाश बघा. रोज एक बघितलंत तरी चालेल. बघून काय वाटलं तेवढं मात्र मला लिहा.

धाकटी


२२ मार्च

प्रिय धाकटी,

काही प्रश्न आहेत. तू वाचनालयाच्या पाट्या अशाच टॅब्लेटवर काढतेस म्हणून विचारतो.

खोडरबराचं टोक फार जाड आहे, ते बारीक कसं करायचं? एक रेघ दुसऱ्या रेघेला चिकटून असेल तर फक्त एकच खोडता येते का? खोडताना खालच्या फोटोला धक्का लागतो का? चित्र मोठं करून काम केलं तर मूळ माप बदलतं का?

सकाळी दहा ते एक बसतो. ऑफिसची वेळ तीच होती, त्यामुळे हात बसला आहे. पेन हलकं आहे, सवय व्हायला पंधरा दिवस गेले.

बघून काय वाटलं ते लिहायला सांगितलं होतंस. मला ते लिहिता येत नाही. तिने घरातल्या जागा बरोबर निवडल्या आहेत, एवढं म्हणता येईल. जिथे तिची आई उभी राहायची तिथेच तिने फोटो काढले आहेत.

भावोजी


३० मार्च

प्रिय भावोजी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कामावर मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे दुःखाचं पत्र आहे की यंत्राच्या दुरुस्तीचं?" मी म्हटलं, आमच्या भावोजींकडे दोन्ही एकाच कागदावर येतं.

तुम्ही चित्र काढायला घेतलंत! एकाहत्तराव्या वर्षी! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ठकीला कळलं असतं तर तिने तुमचा पेन धरलेला हात आधी फोटोत घेतला असता.

आता उत्तरं. खोडरबराच्या चित्रावर बोट दाबून ठेवा, एक पट्टी दिसेल, ती खाली ओढली की टोक केसाइतकं बारीक होतं. चित्र दोन बोटांनी मोठं करा, माप बदलत नाही. आणि फोटोला काहीही होत नाही. फोटो खालच्या लेयरवर असतो, रेघा वरच्या. तुमच्या ट्रेसिंग पेपरसारखंच समजा, खाली मूळ नकाशा, वर पारदर्शक कागद. तेव्हा बिनधास्त खोडा. खोडल्याशिवाय हात सुटत नाही.

काय काढताय ते विचारत नाही. झालं की दाखवा.

धाकटी


१२ मे

प्रिय धाकटी,

काम पूर्ण झालं. एकतीस चित्रं ठकीच्या स्टुडिओत छापून घेतली आणि जाड पुठ्ठ्याच्या नळीत घालून आज पाठवली. सहा दिवसांत मिळतील. नळी उघडताना कात्री खोल घालू नकोस.

काय केलं ते सांगून ठेवतो, म्हणजे चित्रं लावताना तुला अडचण यायची नाही. नकाशा काढताना आधी हलक्या हाताने कच्च्या रेघा ओढतात. त्यातली बरोबर रेघ ठरली की ती ठेवायची आणि बाकीच्या पुसायच्या. हे केल्याशिवाय नकाशा कोणाच्या हातात द्यायचा नाही. ठकीच्या चित्रांत सगळ्या कच्च्या रेघाच राहिल्या होत्या. एका खांद्याला दहा-बारा, चेहऱ्याला तर मोजता येणार नाहीत इतक्या. तिला पुसायला वेळ मिळाला नाही. मी त्या पुसल्या. नवीन एकही रेघ काढली नाही, हे लक्षात घे. जी ठेवली आहे ती तिचीच आहे. गर्दीतून फक्त बरोबर ती शोधली.

शोधायला कठीण गेलं नाही. तिची आई उजव्या पायावर भार देऊन उभी राहायची आणि डावा खांदा जरा खाली असायचा. खिडकीच्या गजाच्या दुसऱ्या आडव्या पट्टीपर्यंत तिचं डोकं यायचं. मी टेप लावून पाहिलं. त्या मापाशी जुळणारी एक तरी रेघ प्रत्येक चित्रात निघाली. पोरीने कुठून काढली कोण जाणे.

एकाच चित्रात जमलं नाही. माझ्या नकाशाच्या टेबलाचा आणि उंच स्टुलाचा फोटो आहे, त्यावरही रेघांची गर्दी होती. पण तिची आई त्या स्टुलावर कधी बसली नाही, त्यामुळे एकही रेघ बरोबर निघेना. तीन दिवस पाहिलं. शेवटी सगळ्या पुसल्या. तो नुसता फोटो आहे, पण तिने काढलेला आहे म्हणून नळीत घातला आहे. लावायचा की नाही ते तू ठरव.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की तिच्यासाठी काहीतरी केलं.

भावोजी


२५ मे

प्रिय भावोजी,

नळी मिळाली. चित्रं छान छापली आहेत. ताई अगदी समोर उभी आहे असं वाटतं.

तब्येत सांभाळा.

धाकटी


१ जून

प्रिय धाकटी,

तुझं पत्र तीन ओळींचं आहे. तीन ओळी मी लिहितो, तू नाही. तू मला कधी "तब्येत सांभाळा" असं लिहिलेलं नाहीस. काय चुकलं ते सांग. नकाशात चूक असली की साहेब असाच गप्प होऊन कागद परत द्यायचा, मला ते ओळखता येतं.

भावोजी


८ जून

प्रिय भावोजी,

सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तुम्ही विचारलंत, आणि विचारल्यावर खोटं बोलायला मला जमत नाही. तुम्ही बसून वाचा.

ठकीला ताई आठवत नव्हती.

तिने हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं. मला गेल्या वर्षी सांगितलं, ती चित्रं दाखवताना. म्हणाली, "मावशी, फोटोतली आई मला माहीत आहे, पण स्वयंपाकघरातली आठवत नाही. तिचा खांदा इथे होता का? की इथे? मी तिला कुठे धरायचे, किती उंच हात करायचे, काही कळत नाही. म्हणून मी सगळीकडे काढते." मी तिला म्हटलं, अगं, एक रेघ पक्की कर की. तर म्हणाली, "एकच काढली तर ती थाप होईल. मला आठवतंय असं होईल."

भावोजी, त्या कच्च्या रेघा नव्हत्या. तेच चित्र होतं. टॅब्लेट लांब धरला की त्या सगळ्या रेघा मिळून एक हलणारी सावली दिसायची, बाई आहे आणि नाही अशी. मी तेव्हा रडले ती ताईसाठी नाही, ठकीसाठी. पंधरा-सोळा वर्षं ही मुलगी त्या घरात एकटी शोधत होती आणि आपल्याला दोघांना पत्ता नव्हता.

तुम्ही ठेवलेली रेघ बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. तो खांदा, तो पाय, ती ताईच. ते बरोबर आहे हे सांगू शकणारी माणसं आता आपण दोघंच. नळी उघडल्यावर मी पहिल्यांदा "ताई!" असं मोठ्याने म्हणाले, आणि मग चित्रामागून चित्र पाहत गेले, ठकी कुठे आहे ते बघत. ती कुठेच नाही.

आता स्टुलाचं. हे लिहू की नको, दोन दिवस विचार केला. ते तुम्ही होतात. मी तिला म्हटलं होतं, अगं, बाबा तर शेजारच्या खोलीत बसलेत, त्यांचा फोटोच काढ की. ती म्हणाली, "रोज बघते, तरी डोळे मिटले की त्यांचा आकार हलतो. आत्तापासून सवय करून ठेवते."

बिनधास्त खोडा, असं मी लिहिलं होतं. ते पत्र तुमच्याकडे असेल तर फाडून टाका.

मूळ कुठे सेव्ह केलेलं असेल का? स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर? एकदा विचाराल?

धाकटी


२० जून

प्रिय धाकटी,

पत्र बसून वाचलं.

स्टुडिओत गेलो. मालक चांगला माणूस आहे, मला खुर्ची दिली. ठकी कधी कधी कामावरून सुटताना टॅब्लेट तिथल्या कॉम्प्युटरला जोडायची, हे त्याला आठवत होतं. तिच्या नावाचा फोल्डरही होता. जानेवारीत तिच्या जागी नवीन बाई आल्या, तेव्हा त्याने कॉम्प्युटर साफ करून घेतला. "काका, मला काय माहीत हो," असं चार वेळा म्हणाला. मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. त्याचं खरंच काही चुकलं नाही. मी तिथेच बसून होतो तेवढ्यात एक गृहस्थ ओळखपत्राचा फोटो काढायला आले. त्यांच्या गालावर एक व्रण होता. नव्या बाईंनी तो दोन मिनिटांत काढून टाकला आणि गृहस्थ खूश होऊन गेले.

टॅब्लेट दुरुस्त करणाऱ्यालाही दाखवला. तो म्हणाला, चित्र बंद केलं की मागचं परत येत नाही, आणि तुम्ही तर रोज सेव्ह केलंय. मी रोज एक वाजता सेव्ह करायचो. न चुकता.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. इस्पितळात ती "चित्रं मावशीला द्या" एवढंच म्हणाली नव्हती. "जशी आहेत तशी द्या" असं म्हणाली होती. दोनदा म्हणाली. मला वाटलं, अर्धवट राहिली म्हणून तिला लाज वाटते आहे, आणि आता ताकद नाही म्हणून ती तसं म्हणते आहे. मी तिला म्हटलं, "तू काळजी करू नकोस, मी बघतो." ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला बरं वाटलं.

तिने इस्पितळात टॅब्लेटही मागितला होता. डॉक्टर म्हणाले विश्रांती हवी, म्हणून मी नेला नाही. स्टुलाचं चित्र तिने सगळ्यांत शेवटी सुरू केलं होतं, तारीख पाहिली.

भावोजी


२७ जून

प्रिय भावोजी,

तुमचं पत्र वाचून मला तुमचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

व्यवहाराचं बोलते. चित्रांखाली लावायची कार्डं मे महिन्यातच छापून आली आहेत. त्यावर ठकीचं नाव, तिची दोन सालं, "छायाचित्र आणि डिजिटल रेखाटन" असं. जूनमधली भिंत मी पुढे ढकलून घेतली, आता दहा जुलैचा मुहूर्त दिला आहे. वाचनालयाच्या बाईंनी चित्रं पाहिली आणि म्हणाल्या, "केवढा स्वच्छ हात आहे हो या मुलीचा!"

मला वाटतं लावून टाकावीत. बघणाऱ्यांना काय कळणार आहे? फोटो तिचेच आहेत. जी रेघ आहे ती तिच्याच हातची आहे, तुम्हीच लिहिलं होतंत. नाही लावली तर ती पुन्हा नळीत जातील आणि मग तिचं नाव जगात कुठेच लिहिलेलं राहणार नाही, स्टुडिओच्या हजेरीच्या वहीतसुद्धा नाही. एक महिना तरी असू दे ना भिंतीवर. ताईलाही लोक बघतील. मी रोज येता-जाता बघेन.

हो म्हणा. हवं तर "हं" म्हणा. या वेळी परत पाठवणार नाही.

धाकटी


३ जुलै

प्रिय धाकटी,

लावू नकोस असं मी म्हणत नाही. तिच्या नावाने लावू नकोस.

तुझं पत्र आल्यावर मी एक करून पाहिलं. तिच्या टेबलाशी असलेल्या खुर्चीचा फोटो काढला आणि वर नवीन लेयर घेऊन ठकीला काढायला बसलो. ती जशी काढायची तसंच करायचं, पुष्कळ रेघा ओढायच्या आणि एकही पुसायची नाही, असं ठरवून बसलो. पहिली रेघ ओढली. मान, पाठ, कोपर टेबलावर टेकलेलं. बरोबर आली. दुसरी कुठून ओढायची ते कळेना. ती कशी बसायची ते मला माहीत आहे. दुसरीकडे रेघ ओढली तर ती मुद्दाम चुकीची ओढलेली होते, शोधलेली होत नाही. चार सकाळी बसलो. एकच रेघ आहे. खुर्चीच्या नकाशासारखं दिसतं.

मला ती अजून स्वच्छ आठवते. ती हलायला लागेपर्यंत मी राहीन असं वाटत नाही.

तू म्हणतेस रेघ तिच्या हातची आहे. ते खरं आहे, आणि ते लिहिताना मला त्याचा अभिमान होता. पण बारा रेघांतली एक मी निवडली आणि अकरा मी टाकल्या. त्या अकरांबरोबर जे गेलं ते तिचं होतं. उरलं ते माझं आहे. "स्वच्छ हात" म्हणाल्या ना तुमच्या बाई? तो माझा हात. तिचा तसा नव्हता. लोक तिच्या नावाखाली तो बघतील आणि तिला नीट आठवत होतं असं समजतील. थाप होईल, म्हणाली होती ना ती तुला.

तेव्हा भिंतीवर तुझी ताई राहू दे. तुला ती रोज दिसावी असं मलाही वाटतं. स्टुलाचा फोटो मात्र लावू नकोस, तो मला परत पाठव.

कार्डांचं सांगतो. ऑफिसात प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात दोन सह्या असायच्या. एक काढणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. तपासणाऱ्याने रेघेला हात लावायचा नाही, नुसती खूण करून कागद परत द्यायचा, असा नियम होता. लावलाच, तर काढणाऱ्याची सही खोडून तिथे त्याने स्वतःची करायची, म्हणजे पुढे पाईप चुकीच्या जागी निघाला तर विचारायचं कोणाला ते कळतं. चौतीस वर्षांत माझ्यावर ती वेळ आली नाही.

कार्डांवरचं तिचं नाव खोड. जाड काळ्या पेनाने खोड, खालचं दिसायला नको. त्यावर माझं लिही.

भावोजी